सोवळेभाऊंचा जोड

भाऊ माणसाचा हात आधी हुंगायचे आणि मग नमस्कार करायचे. अकोल्याच्या एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा शेठनी ओळख करून दिली, "ह्या आपल्या क्वालिटीच्या नवीन मॅडम." मी मोठ्या ऐटीत हात पुढे केला. भाऊंनी तो हातात घेतलाच नाही. थोडं वाकून वास घेतला आणि म्हणाले, "कचोरी खाल्ली. खा, कचोरी चांगली गोष्ट हाय. पन धुतल्याबिगर हात माह्या टेबलाले लावू नका." मी इंजिनिअर होते, पहिल्या वर्गात पास झालेली होते आणि स्टेशनवरून येताना ऑटोत बसून एक कचोरी खाल्ली होती, हेही खरं होतं. मी निमूटपणे नळावर गेले.

कारखान्यात त्यांना सगळे सोवळेभाऊ म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा, आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. मी अमरावतीच्या एका मारुतीच्या पुजाऱ्याची मुलगी. सोवळं म्हणजे काय हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण आमच्या घरचं सोवळं आईला घाई असली की जरा सैल व्हायचं. भाऊंचं कधी झालं नाही. अंजनगाव सुर्जीकडचा हा शेतकऱ्याचा मुलगा, दोन भाऊ शेतीवर, हा आयटीआयमधून वेल्डर होऊन अकोल्यात आलेला. त्यांच्या टेबलावर तीन ब्रश असत. एक लोखंडाच्या कामाचा, एक स्टेनलेसचा आणि एक निकेलचा. निकेलच्या ब्रशाला ओळखायला लाल सुतळी बांधलेली. तो चुकून लोखंडाच्या पत्र्याला लागला की भाऊ दोन बोटांनी उचलून बाजूला टाकायचे. "बाटला तो. आता गेट घासा त्यानं." माणसांना मात्र त्यांनी कधी असा विटाळ लावला नाही. हात धुतलेला कोणीही त्यांच्याशेजारी बसू शकत असे आणि न धुतलेला असेल तर खुद्द शेठही नाही.

हे सगळं कशासाठी, हे मला कळायला महिना गेला. आमच्याकडे रसायनांच्या टाक्या बनत. टाकी स्टेनलेसची. पण जिथून तीव्र ॲसिड आत शिरतं, त्या तोंडाशी स्टेनलेसही टिकत नाही. म्हणून तेवढं तोंड निकेलच्या भारी मिश्रधातूचं करायचं आणि ते स्टेनलेसला जोडायचं. हे दोन धातू तापतात वेगळे, पसरतात वेगळे, आणि त्यात कुठे तेलाचा, घामाचा, रंगाचा अंश राहिला की जोड थंड होताना तडकतो. लोखंड बिचारं बरंच काही पोटात घालतं. निकेल घालत नाही. भाऊ म्हणायचे, "लोखंड घरचं मानूस हाय, कसंबी वागवा. हे निकेल म्हंजे नवी सोयरीक. मानपान जराबी चुकला का फुगलीच समजा." असा जोड करू शकणारा आमच्या भागात तेव्हा एकच माणूस होता, निदान आमच्या शेठचं तरी तसं ठाम मत होतं.

अकोल्याचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांनाच पुढचं कळेल. आर्गन वेल्डिंगमध्ये जोडावर आर्गन वायूचं पांघरूण लागतं, आणि वाऱ्याच्या झुळुकीनंही ते उडून जातं. म्हणजे पंखा बंद, कूलर तर नाहीच. मे महिन्यात बाकीचे लोक कूलरपुढे जागेसाठी भांडत असत, तेव्हा भाऊ ताडपत्रीचे पडदे लावलेल्या त्यांच्या खोपटात, कपाळाला दुपट्टा घट्ट बांधून बसलेले असत. दुपट्टा उन्हासाठी नव्हता, घामाचा थेंब जोडावर पडू नये म्हणून होता. मी एकदा पडद्याआड डोकावले आणि दहा मिनिटांत मला घेरी आली. भाऊंनी चेहऱ्यावरची काच वर केली नि म्हणाले, "मॅडम, तुमी बाहेर बसा. तुमी पडल्या त वारा लागन."

त्यांच्या खिशात काडेपेटी असे, त्यामुळे नवा माणूस त्यांना हमखास बिडी मागायचा. भाऊंना बिडी नाही, तंबाखू नाही, आणि खर्राही नाही. आमच्याकडे खर्रा न खाणारा वेल्डर म्हणजे नवलच. काडेपेटी होती ती आर्गन तपासायला. जोडाच्या मागच्या बाजूलाही आर्गन भरावा लागतो. तो भरला की नाही हे पाहायला ते पेटती काडी भोकाशी धरायचे. काडी विझली की समजायचं, आत हवा उरली नाही. मी त्यासाठी शेठकडून एक मीटर मागवून घेतला. भाऊंनी मीटर बघितला, कौतुक केलं, मग काडी लावली. काडी विझली. मग मीटर बघितला. "बराबर सांगून राह्यला तुमचा मीटर," ते म्हणाले. मीटर पास झाला ह्याचा मला इतका आनंद झाला की अपमान लक्षातच आला नाही.

एक थर झाला की भाऊ थांबत. जोडाशेजारी हात ठेवता येईल इतका तो निवला पाहिजे, मगच पुढचा थर. हा थांबण्याचा वेळ त्यांच्या गप्पांचा. तेवढ्यात ते गावच्या पानमळ्याबद्दल सांगत, थोरल्या भावाच्या म्हशीबद्दल सांगत, एकदा तर पातूरच्या लेण्यांत लग्नाच्या वऱ्हाडातले दोघे कसे वाट चुकले ते सांगितलं आणि मी हसून हसून वही खाली पाडली. शेठ लांबून ओरडायचे, "भाऊ, काम चालू हाय का बंद?" भाऊ शांतपणे म्हणायचे, "चालूच हाय. निवून राह्यलं." आणि मग मला हळूच, "घाई केली का निळं पडते." चांगल्या जोडाचा रंग पिवळसर सोनेरी राहतो, उष्णता जास्त झाली तर निळा किंवा करडा होतो. आजही मी स्टेनलेसचं कोणतंही भांडं हातात घेतलं की आधी जोडाचा रंग बघते. ह्याबद्दल घरात मला बरंच ऐकून घ्यावं लागतं.

मी लागून वर्ष व्हायचं होतं तेव्हा नांदगाव पेठेतल्या एका कापड रंगवणाऱ्या कारखान्याची मोठी टाकी आमच्याकडे आली. तिचं निकेलचं तोंड परगावाहून घडवून आणलेलं, एकच. ते बिघडलं तर दुसरं यायला महिने लागणार होते. आमच्याकडे नव्या मोठ्या कामाला पहिला टाका घालण्याआधी नारळ फोडायचा आणि टिळा लावायचा अशी रीत होती, आणि टिळा लावायचा मान सगळ्यात नवीन माणसाचा. म्हणजे माझा. शनिवारी मी अमरावतीला घरी गेले होते, तिथून मुद्दाम आमच्या मारुतीचा तेलातला शेंदूर छोट्या डबीत घेऊन आले.

भाऊंनी जोडाची खाच तासून, घासून, ॲसिटोननं पुसून तयार ठेवली होती. सगळे जमले, नारळ फुटला. मी अनामिकेवर शेंदूर घेतला. टिळा कुठेही लावता आला असता. टाकीच्या पोटावर लावता आला असता. पण मला वाटलं, जिथे जोड व्हायचा तिथेच देवाचा हात असू दे. मी मन लावून, बरोबर खाचेत, शेंदराचा ठसठशीत टिळा लावला. सगळ्यांनी नमस्कार केला.

भाऊ त्या टिळ्याकडे बराच वेळ बघत राहिले. ॲसिटोनचा बोळा त्यांनी उचलला आणि खाली ठेवला. मग एक नवीन पांढरं फडकं काढलं, पाण्यानं ओलं केलं, टिळा हलक्या हातानं दोनदा टिपला, फडकं कपाळाला लावलं आणि घडी करून खिशात ठेवलं. मग काच खाली केली. मी शेजारीच उभी होते. माझ्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही. उलट मला तर भरून आलं होतं.

तिसऱ्या दिवशी तपासणी. जोडावर लाल द्राव लावतात, पुसतात, वर पांढरी भुकटी फवारतात. कुठे भेग असेल तर तिच्यात शिरलेला लाल द्राव बाहेर येऊन रेघ उमटते. ग्राहकाच्या बाजूनं पुण्याहून एक साहेब आले होते, घडीच्या कपड्यातले आणि घडीच्याच चेहऱ्याचे. पांढऱ्या भुकटीवर बोटभर लांबीची लाल रेघ उमटली. साहेबांनी फोटो काढला आणि म्हणाले, "हा वेल्डर या कामाला चालणार नाही. त्यांची मान्यता मी रद्द करतोय. आमच्याकडचा माणूस आणू." त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

वीस-बावीस वर्षांत भाऊंचा निकेलचा जोड फुटला नव्हता. त्यांनी एप्रन काढला, घडी केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणी सांगायच्या आत, ते लोखंडाच्या शेडमध्ये जाऊन एका शाळेचं फाटक करायला बसले. मी तिथे गेले. सवयीनं हात पुढे केला. त्यांनी वासच घेतला नाही. "बसा मॅडम," म्हणाले, आणि फाटकाकडे वळले. मला रडू आलं, ते मी लोखंडाच्या धुरावर ढकललं.

त्या दिवशी दुपारी मी पुस्तकं काढून बसले. निकेलला तापवण्याआधी रंग, ग्रीस, खूण करायची शाई, गंधक आणि शिसं ह्यांचा मागमूस ठेवू नये, असं एका ओळीत लिहिलेलं होतं. ती ओळ मी परीक्षेसाठी पाठ केलेली होती. शिसं ह्या शब्दावर मी थांबले आणि बाबांना फोन लावला. "बाबा, आपल्या शेंदरात काय असतं गं?" घाईत मी बाबांनाच 'गं' म्हणाले. बाबा म्हणाले, "तेल आणि शेंदूर. आणि आपण आणतो तो शेंदूर शिशाचाच. म्हणून तर तोंडात जाऊ द्यायचा नाही. लहानपणी तू बोट चाटलंस तेव्हा आईनं धपाटा घातला होता, विसरलीस?" विसरले होते.

मी धावत शेडमध्ये गेले. "भाऊ, शेंदूर."

"मले मालूम हाय," भाऊ म्हणाले. हातातलं काम थांबलं नाही.

"मग साहेबांना सांगितलं काहून नाही?"

"काय सांगू? मारोतीच्या शेंदरानं जोड फुटला म्हनून सांगू? हासन तो. तुही नौकरी नवी. तुह्या बापाचा देव. आन् पुसाचं काम कोनाचं होतं? माहं." मग त्यांनी काच वर केली. पहिल्यांदाच ते मला मॅडम न म्हणता बोलत होते. "पोरी, म्या बोळा हातात घेतला होता. पन देवाले ॲसिटोननं कसं पुसू? हात चाललाच नाही. शेठचा हात हुंगनारा मी, आन् तिथं माहा हात चालला नाही."

"मी सांगते साहेबांना."

"नोको सांगू."

मी दोन दिवस सांगितलं नाही. हे मी लपवत नाही. मला नोकरी जाईल ह्याची भीती होती, आणि त्याहून जास्त भीती होती हसं होण्याची. इंजिनिअर बाई, आणि खाचेत शेंदूर लावते. त्या दोन दिवसांत भाऊंचं फाटक पुरं झालं. फाटकाचे जोडसुद्धा त्यांनी असे केले होते की कोणी हात फिरवून बघावं, आणि ते बघून मला गप्प राहवेना. शेठ आणि साहेब केबिनमध्ये नव्या वेल्डरची तारीख ठरवत होते. मी आत गेले आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. टिळा मी लावला, खाचेत लावला, शेंदूर शिशाचा होता. शेठनी कपाळाला हात लावला. साहेब हसले नाहीत. "सिद्ध करा," ते म्हणाले. "दोन नमुने करा. एक स्वच्छ, एक शेंदूर लावून. जोड त्यांनीच करायचे."

मला वाटलं, सुटलो. तर भाऊच अडून बसले. "देवाचा शेंदूर मुद्दाम लावाचा, वरून जाळाचा, आन् फुटते का पाहाचं? परीक्षा घेऊन राह्यले का मारोतीची? माह्याच्यानं नाही होत." शेठनी विनवलं, मी विनवलं. भाऊ हाताची घडी घालून बसले. साहेब घड्याळ बघत होते. शेवटी मी बाबांना फोन लावला, सगळं सांगितलं आणि फोन भाऊंच्या कानाशी नेला. बाबांना फोनवर ओरडून बोलायची सवय, त्यामुळे सगळ्या शेडनं ऐकलं.

"भाऊ, नमस्कार. अहो, तुम्ही शेंदूर पुसायला घाबरता? मी मारुतीचा पुजारी. शेंदराचे थर साचले की मीच कोयत्याच्या पाठीनं खरवडून काढतो. जुना निघाल्याशिवाय नवा बसतच नाही. देवाच्या अंगावरचा खरवडतो मी, तुमचं तर नळकांडं आहे. आणि चूक कुठे झाली ते शोधणं म्हणजे देवाची परीक्षा नव्हे. करा तुम्ही. मारुतीचं मी बघून घेतो."

भाऊंनी हाताची घडी सोडली. "खरवडता?" त्यांनी विचारलं. "कोयत्यानं?"

"मग काय तर! घाम निघतो," बाबा म्हणाले.

भाऊ उठले. नळावर गेले, साबणानं दोनदा हात धुतले आणि निकेलचा ब्रश मागितला. दोन नमुने झाले. दोन्हींना जोडात वितळवायची तीच तार, तेवढीच उष्णता, तेवढंच थांबणं. दुसऱ्या दिवशी पांढरी भुकटी फवारली. स्वच्छ नमुना कोराच राहिला. शेंदराच्या नमुन्यावर हळूहळू लाल रेघ उमटली. भाऊंनी आधी हात जोडले, कुणाला ते मी विचारलं नाही. साहेबांनी दोन्ही नमुने उलटसुलट करून पाहिले, मान्यतेच्या कागदावर पुन्हा सही केली आणि जाताना मला विचारलं, "अमरावतीला कुठे आहे हा मारुती?" मी पत्ता दिला. पुढे बाबा म्हणाले की एक घडीच्या कपड्यातले गृहस्थ खरोखरच दर्शनाला येऊन गेले.

भेगेचा भाग तासून काढला आणि टाकीचं तोंड वाचलं. भाऊंनी नव्या खाचेला आधी नमस्कार केला आणि मग ती ॲसिटोननं तीनदा पुसली. जोड पिवळसर सोनेरी झाला, भुकटीवर एक टिपका उमटला नाही, आणि टाकी नांदगाव पेठेला गेली. तेव्हापासून आमच्याकडे टिळा टाकीच्या लोखंडी स्टँडला लावायची रीत पडली. शेठना तो नापास झाल्याचा कागद फाडून टाकायचा होता, कारखान्याचं नाव खराब दिसतं म्हणून. भाऊंनी फाडू दिला नाही. "राहू द्या फाइलीत. पुढच्याच्या कामी पडन." कारणाच्या रकान्यात साहेबांनी शेंदूर असंच लिहिलं होतं. पुढे आमच्याकडे येणारे तपासनीस फाइल चाळता चाळता त्या पानावर थांबायचे आणि भाऊ त्यांना बोलावून, कुठलीही कसर न ठेवता, आपला हात कसा चालला नाही ते सांगायचे. मी तिथे असले तर माझ्याकडे बोट दाखवून "आन् टिळा ह्याईनं लावला होता," हेही सांगायचे. दोघांची चूक ते सारखीच वाटून द्यायचे.

चार-पाच वर्षांनी त्यांना बारीक जोड नीट दिसेनासा झाला. ऑपरेशन झालं, दिसायला लागलं, पण ते म्हणाले, "दिसते, पन पयल्यासारखं नाही. मंग माह्या जोडाची ग्यारंटी मीच कशी देऊ?" निरोपाच्या दिवशी कोणी शाल आणली, कोणी भाषण केलं. भाऊंनी भाषणाऐवजी सगळ्यांना आपल्या हातानं केलेला एकेक झारा दिला. माझा झारा अजून आहे. जोड कुठे आहे ते शोधून सापडत नाही. आता ते अंजनगावला पानमळ्यात रमले आहेत आणि तिथे वेलींना हात लावण्याआधी मजुरांचे हात हुंगतात, असं त्यांचे थोरले भाऊ फोनवर कुरकुरत सांगतात.

मी आता नांदगाव पेठेतच नोकरी करते, माझ्या हाताखाली सात वेल्डर आहेत. गेल्या महिन्यात त्यातला एक, चाळिशीचा, अबोल माणूस, तपासणीच्या आधी माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. निकेलची तार हातातून जमिनीवर पडली होती, घाईत तशीच वापरली, असं त्यानं सांगितलं. तपासणीत कदाचित काही आलंही नसतं. मी जोड कापून पुन्हा करायला लावला. अख्खा दिवस गेला, वरून मला बोलणी बसली. संध्याकाळी मी भाऊंना फोन केला आणि सगळं सांगितलं, जरा फुशारकीनंच.

भाऊंनी जोडाचं काही विचारलं नाही, तारेचंही नाही. "त्याच्यावर रागावली त नाहीस ना?" त्यांनी विचारलं.

"नाही हो भाऊ. चहा पाजला."

"बेस केलं," भाऊ म्हणाले. "पुढच्या टायमालेबी येऊन सांगन तो."